उजवीकडची पायरी

बीरानक्काच्या दुकानातून भाजल्याचा वास आला की नवीन गिऱ्हाईक विचारतं, आत काय शिजतंय? दिवे शिजताहेत, असं मी सांगते. खोटं नाही ते. बीरान त्याचं नाव, आणि इक्का म्हणजे आमच्याकडे दादा. बायकोने केकसाठी हौसेने घेतलेली भट्टी त्याने दुकानात आणून ठेवली आणि तिच्यात तो गाड्यांचे दिवे भाजतो. दिल्लीहून येणारे डुप्लिकेट दिवे. कंपनीच्या दिव्याला तो हात लावत नाही, कारण तो तडकला तर गिऱ्हाईक गळा धरतं. डुप्लिकेटची काच हलक्या गोंदाने चिकटवलेली असते. भट्टीत ऊब लागली की गोंद सुटतो आणि काच अलगद निघते. मग आतली चकचकीत वाटी कापायची, तिथे भिंगाचा प्रोजेक्टर बसवायचा आणि काच परत चिकटवायची. बाहेरून गाडी तीच, डोळे तेवढे दुसरे.

मी सैनबा. शेजारच्या गाळ्यात सीट कव्हर शिवते. पूर्वी मी बीरानक्काबद्दल कुणाशी बोलताना अदबीने ‘ते’ म्हणायची, आता ‘तो’ म्हणते. तोंडावर मात्र ‘तुम्ही’च येतं. वयाने मोठा आहे, सवय जात नाही.

आमच्या दुकानांपुढे मोकळी जागा आहे आणि तिच्या पलीकडे बंद पडलेल्या तेलगिरणीची लांबलचक भिंत. बीरानक्काने ती चुन्याने पांढरी करून वर काळ्या रेघा मारल्यात. नवीन दिवा बसवला की मगरिबच्या नमाजाच्या सुमाराला, अंधारताना, गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करायची आणि दिवा लावायचा. प्रोजेक्टरचा उजेड वरून कापल्यासारखा पडतो. खाली लख्ख, वर काळोख. त्या कापलेल्या रेषेला मधोमध एक पायरी असते, आणि तिची डावी बाजू वर चढलेली असते. का, ते मला बीरानक्कानेच शिकवलं होतं. मला तो मोळे म्हणतो, म्हणजे पोरी.

“डावीकडे काय असतं, मोळे? रस्त्याची कड. पाट्या, चालणारी माणसं. तिकडे उजेड वर गेला तर बरंच. उजवीकडे काय असतं?”

“समोरून येणारी गाडी.”

“गाडी नाही, गाडीतला माणूस. त्याच्या डोळ्यांत उजेड घालायचा नाही. उजेड पाडणं गाढवालाही जमतं. कुठे पाडायचा नाही, त्याला कारागीर लागतो.”

असं म्हणून तो मिशीतल्या मिशीत हसायचा. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. मशीन चालवता चालवता मी कितीतरी संध्याकाळी त्या भिंतीवरची पायरी बघितली आहे.

माझा नवरा मोइदू शारजात ट्रक चालवायचा. कंपनी बुडाली आणि तो परत आला. त्यानंतर कधी कुणाची गाडी चालवायचा, कधी नुसता ओट्यावर बसायचा. बोलणं कमी झालं होतं, हे खरं. गल्फहून रिकाम्या हाताने आलेला माणूस आमच्याकडे कुणाला आवडत नाही, आणि ते त्याला कळत होतं. पण तो खचलेला नव्हता. हे मी ठामपणे सांगते, कारण त्याला वाढायची मीच. भाताबरोबर माशाचं कालवण तो रोज दुसऱ्यांदा मागायचा. मरायला निघालेला माणूस दुसऱ्यांदा कालवण मागत नाही.

रोज संध्याकाळी तो स्कूटरवरून मला न्यायला यायचा. आमचं घर चिऱ्यांच्या खाणीपलीकडे आहे. रस्ता खाणीच्या अगदी कडेने जातो. आमच्या घराकडून येताना खाण डाव्या हाताला. कठडा नाही. मागच्या निवडणुकीत होणार होता.

त्या संध्याकाळी लाकूडवाल्या कोयाचा मुलगा जाबिर आपली गाडी न्यायला आला होता. तिची लाल-काळी सीट कव्हरं मीच शिवली होती. दिवे बीरानक्काचे. त्याच्या भाच्याने दुबईहून सामानातून एक खोका आणला होता, मोडीत निघालेल्या महागड्या गाड्यांचे प्रोजेक्टर. त्यातली पहिली जोडी जाबिरला. शिवाय भिंगाच्या आत लाल दिव्याची कडी हवी, असा त्याचा हट्ट. पोरं त्या कडीला सैतानाचा डोळा म्हणतात. बीरानक्काने नाक मुरडत ती बसवली होती.

भिंतीपुढे फरशांचा ट्रक उभा होता आणि हमाल फरशा उतरवत होते. जाबिरला खाणीकडच्या रस्त्याने तिरूरला मामाकडच्या लग्नाला जायचं होतं, तो हॉर्नवर हॉर्न वाजवत होता.

“इक्का, सोडा ना! तिकडे बिर्याणी संपेल.”

“अरे, भिंतीला लावून बघितल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.”

“ट्रक हलायला तास लागेल. गल्फचा माल आहे, इक्का. तुमची ती दिल्लीची वाटी नाही.”

बीरानक्काने दिव्याच्या काचेवर शेवटचा फडका मारला. “तेही खरंच. ओरिजिनलला भिंत कशाला?” हे मी माझ्या कानांनी ऐकलं. गाडी गेली. फाटकाशी वळताना आतले लाल डोळे चमकले आणि मी जाबिरला हात केला.

मग मी कुलूप लावून पायरीवर बसले, मोइदूची वाट बघत.

त्याला खाणीच्या तळातून वर काढलं तेव्हा स्कूटरचा दिवा अजून चालू होता, असं सांगतात. मी बघितलं नाही. मला कुणी बघू दिलं नाही.

खाणीचा राखणदार उण्णी खोपटाबाहेर उभा होता, त्याने सगळं बघितलं होतं. उण्णी सरळ माणूस, त्याने जे दिसलं तेच पोलिसांना सांगितलं. समोरून एक गाडी येत होती, पण आपल्या बाजूने, हळू. ती मोइदूला लागली नाही. मोइदूने एकदम हँडल डावीकडे वळवलं आणि तो सरळ खाणीत गेला. ब्रेकसुद्धा लावला नाही.

एवढं पुरलं लोकांना. मासळीबाजारात, न्हाव्याकडे, मशिदीच्या हौदापाशी एकच गोष्ट: मोइदूने स्वतःच वळवलं. नोकरी गेली, मान गेला, तो जगणार कसा? तोंडावर कुणी काही बोललं नाही. उलट येऊन चुकचुकायचे. ते चुकचुकणं ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण मी इद्दतीत होते. नवरा गेलेल्या बाईने त्या चार महिन्यांत उंबरा ओलांडायचा नाही. मी आत, आणि गोष्ट बाहेर गावभर हिंडते आहे.

माझी सासू, उम्मा, तिच्याही कानावर ते आलं. आपला जीव आपण घेणाऱ्याला जन्नत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तिने मदरशाच्या उस्तादांना घरी बोलावून विचारलं, “माझा मुलगा कुठे असेल?” उस्ताद म्हणाले, “अल्लाहला ठाऊक, उम्मा.” पण म्हणताना त्यांनी मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेने घात केला. दुसऱ्या दिवसापासून उम्माने रोजे धरायला सुरुवात केली. रमजान नाही, काही नाही. रोज. मुलाच्या पापातलं थोडं तरी आपल्या उपाशी पोटाने फिटेल, असा तिचा हिशेब. संध्याकाळी एक खजूर, दोन घोट चहा, चमचाभर भाताची कांजी. हाताची हाडं दिसायला लागली.

“उम्मा, तो तसा नव्हता हो,” मी रोज सांगायची.

“तू त्याची बायको आहेस, मोळे. तू असंच सांगणार.”

डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पावसाळा काढणार नाही. मी तिच्यावर ओरडले, तिच्या विनवण्या केल्या, पाया पडले. ती खजूर चघळत माझ्याकडे बघायची, जणू मीच अडाणी.

इद्दत संपली आणि मी दुकान उघडलं. पहिल्या दिवशी ओळीतल्या सगळ्यांनी चहा पाठवला. संध्याकाळी बीरानक्काने एक गाडी भिंतीपुढे उभी केली आणि दिवा लावला. दुबईच्या खोक्यातली दुसरी जोडी, बऱ्याच महिन्यांनी मुहूर्त लागलेला. मी मशीनवरून मान वर केली.

पायरी उजवीकडे चढली होती.

मला आधी वाटलं, रडून रडून माझेच डोळे बिघडले. मी उठून पुढे गेले. डावीकडे रेष सपाट. उजवीकडे वर, चांगली वर. समोरून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची जिथे जागा, नेमकी तिथे.

“बीरानक्का, पायरी उलटी आहे.”

“गल्फचा माल आहे तो,” तो स्क्रू आवळत म्हणाला. “त्यांचं काही वेगळं...”

तो तिथेच थांबला. वेगळं काय, ते आम्हा दोघांनाही एकदमच उमगलं. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यांचा समोरून येणारा डावीकडे असतो. त्यांच्यासाठी पायरी बरोबर होती. शारजाहून आल्यावर मोइदू कितीतरी दिवस रस्ता ओलांडताना उलट्या बाजूला बघायचा आणि मी त्याला हसायची. आमच्या सगळ्या ओळीत हा दिवा बघून पहिल्या नजरेत चूक सांगणारा एकच माणूस होता.

“आधीची जोडी जाबिरच्या गाडीला गेली ना?” मी विचारलं.

“कोणती? आठवत नाही.”

“त्या संध्याकाळची. लाल डोळेवाली. भिंत न बघता सोडलीत ती.”

“सैनबा, तू दमलीयस. घरी जा. बायकांनी शिलाईत लक्ष घालावं.”

पण म्हणताना त्याने घाईघाईने दिवा विझवला. मी घरी गेले नाही, खाणीवर गेले.

उण्णी मला बघून उठून उभा राहिला. तोही मला इत्ता म्हणतो, म्हणजे ताई. “इत्ता, मी खोटं काही सांगितलं नव्हतं हो.”

“माहीत आहे मला. मला फक्त गाडीचं सांग. उजेड कसा होता?”

“उजेड? दिवस उगवल्यासारखा. मी इथे एवढ्या लांब उभा, तरी मला डोळ्यांवर हात घ्यावा लागला.”

“हे पोलिसांना सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं, गाडी लागली का. मी म्हटलं, नाही.” तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. “आणि जवळ आल्यावर दिसलं, दिव्याच्या आत लाल डोळा होता. असली गाडी आपल्याकडे मी दुसरी नाही बघितली.”

मी तिथेच चिऱ्यांच्या ढिगावर बसले. मोइदूने मरायला हँडल वळवलं नव्हतं. त्याला रस्ताच दिसत नव्हता. समोर नुसता पांढरा लोळ, आणि त्यापासून दूर होण्यासाठी माणूस डावीकडे सरकतो. डावीकडे खाण. ब्रेक कशाला लावेल? त्याला वाटलं असेल, रस्ताच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीरानक्का दुकान उघडतोय तोच मी त्याला गाठलं. उण्णीचं सगळं सांगितलं. तो शटरचा बांबू हातात धरून ऐकत राहिला.

“पोलिसात जाणार?”

“पोलीस जाऊ देत खड्ड्यात. तुम्ही माझ्या घरी या आणि उम्माला सांगा. एवढंच.”

“तिला काय कळणार प्रोजेक्टर नि पायरी? तूच सांग ना समजावून.”

“मी बायको आहे. माझं ती ऐकत नाही. ज्याच्या हातून झालं त्याच्या तोंडून ऐकू दे तिला.”

“मोळे, माझ्या तोंडून बाहेर पडलं की गावभर होणार. माझं दुकान, माझ्या दोन मुली... आणि नक्की कशावरून? एका राखणदाराच्या सांगण्यावरून?”

“ती उपाशी मरतेय, बीरानक्का! मुलगा जहन्नममध्ये आहे म्हणून मरतेय!”

त्याने शटर वर ढकललं आणि तो आत गेला. संध्याकाळी तो नेहमीपेक्षा लवकर दुकान बंद करून स्कूटरवरून कुठेतरी गेला.

पुढच्या सकाळी त्याच्या दारात जाबिरची गाडी उभी होती. बॉनेट उघडं, दिवे बाहेर काढलेले. बीरानक्का जुने कंपनीचे दिवे परत बसवत होता. कोपरापासून मनगटापर्यंत त्याच्या हाताला पट्टी होती. पडला असेल कुठे, पडू दे, मी म्हटलं. मला एवढंच दिसलं की हा माणूस पुरावा पुसतोय, तोही माझ्या डोळ्यांदेखत.

जाबिर मला बघून पुढे आला. “काल संध्याकाळी इक्कांनी मला...” असं तो म्हणाला तेवढ्यात बीरानक्काने त्याला गप्प केलं. पोरगं बिचारं एवढंच पुटपुटलं, “इत्ता, समोरचे सगळे मला लाइट मारायचे. मला वाटायचं, गाडी आवडली म्हणून मारतात.”

मी कात्री घेऊन माझ्या गाळ्यात गेले आणि दिवसभर एक टाका सरळ घातला नाही.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, मगरिबच्या जरा आधी, अंगणात स्कूटर थांबल्याचा आवाज आला. उम्मा भिंतीला टेकून अजानची वाट बघत होती. पुढ्यात वाटीत एक खजूर. दारात बीरानक्का उभा, एका हातात गाडीची बॅटरी आणि काखेत तो लाल डोळ्याचा दिवा. मी दार अडवलं.

“आता कशाला आलात?”

“बाजूला हो, मोळे.” त्याने बॅटरी उंबऱ्यावर टेकवली. “एकदा धीर केलाय, पुन्हा होणार नाही.”

“कोण आहे?” उम्माने विचारलं.

“बीरान आहे, उम्मा. दिवेवाला.” तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. दिवा बॅटरीला जोडला आणि समोरच्या भिंतीवर उजेड पाडला. आमची काळवंडलेली भिंत पांढरीफटक झाली. उम्माने डोळे मिटून घेतले.

“हे बघा, उम्मा. ही पायरी उजवीकडे चढलीय. डावीकडे पाहिजे होती. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसते ही. हा दिवा मी केला. भिंत न बघता गाडीला लावून सोडून दिला. ती गाडी मोइदूच्या समोर आली.”

तो बोलतच राहिला.

“मला खरं वाटेना. म्हणून मी स्वतः गेलो खाणीवर. त्या गाडीवाल्या पोराला म्हटलं, तू गाडी घेऊन समोरून ये, मी मोइदूसारखा इकडून येतो. मला सगळं माहीत होतं, उम्मा. काय होणार ते माहीत होतं. तरी उजेड आला आणि माझा हात आपोआप डोळ्यांवर गेला. स्कूटर डावीकडे ओढली गेली. मी चिऱ्यांच्या ढिगावर आपटलो म्हणून वाचलो.” त्याने पट्टीचा हात पुढे केला. “चार पावलं पुढे असतो तर मीही खाली गेलो असतो. मोइदू आपणहून गेला नाही. आपणहून जाताच येत नाही तिथे. काही दिसतच नाही.”

उम्माने भिंतीकडे तोंड वळवून डोळे किलकिले केले.

“म्हणजे माझ्या पोराला मारलं कुणीतरी,” ती म्हणाली.

“मी मारलं, उम्मा.”

“तू मारलंस.”

“हो.”

“अल्हम्दुलिल्लाह,” उम्मा म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. पोर मारलं गेलं म्हणून आई अल्लाहचे आभार मानत होती. तिने हात लांब करून बीरानक्काच्या डोक्यावर ठेवला. तो माणूस लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला आणि ती त्याच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. “रडू नकोस, मोने, लेकरा. सांगितलंस ना. सांगितलंस ते बरं केलंस.”

तेवढ्यात अजान झाली. उम्माने खजुराचे दोन तुकडे केले, एक तोंडात टाकला आणि दुसरा त्याच्या हातावर ठेवला.

“सैनबा, चहा आण. याच्यासाठीही.”

माझ्या नवऱ्याला मारणाऱ्याला मी माझ्या हाताने चहा करायचा. केला. नेऊन ठेवला. उम्माने आपल्या कपातला घोट घेतला, मग त्याच्या कपाकडे बघितलं. मला चांगली ओळखते ती.

“याच्यात साखर नाही घातलीस.”

“नाही घातली.”

“घाल.”

मी साखर घातली. ढवळली नाही.

पुढे शुक्रवारी त्याने नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी त्यातूनही काढलंच, की बाईने बीरानला रडून पटवलं असणार. त्यांच्या जिभेला हाड नाही, मी काय करू? दुबईचा खोका त्याने हातोडीने फोडला. पोलीस दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदाही येतील. तो अजून शेजारीच आहे आणि मी त्याला माफ केलेलं नाही. उम्माने केलं असेल, तिचा तिला हक्क.

पण त्या चहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, किती महिन्यांनी, उम्माने रोजा धरला नाही. उठल्या उठल्या वाफेवरचा तांदळाचा पुट्टू मागितला, बरोबर कालचं माशाचं कालवण. मी ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं आणि स्वयंपाकघरात येऊन चुलीपाशी बसले. मोइदू गेल्यापासून मी एकदाही मोठ्याने रडले नव्हते, आता आवरेना. उम्माला ऐकू जाईल म्हणून पदराचा बोळा तोंडात धरला.

बाहेरून तिची हाक आली.

“मोळे, कालवण आहे का अजून?”